गणित सोडायचे की जीवशास्त्र?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दोन दिवसांनी घराघरांत एक प्रश्न येऊन बसतो. सायन्सला जायचे हे तर ठरले, पण गणित सोडायचे की जीवशास्त्र? इंजिनिअर व्हायचे असेल तर बेडूक नि पानाफुलांचा पसारा कशाला, आणि डॉक्टर व्हायचे असेल तर इंटिग्रेशनशी झटापट कशासाठी, असा सरळ व्यवहारी हिशेब असतो. मामा, काका, शेजारचे आजोबा, क्लासचे सर, सगळे आपापले मत देऊन जातात. मग एका संध्याकाळी, चहा निवायच्या आत, सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातून एक विषय सुटतो. तो बहुधा कायमचा. चारही विषय ठेवण्याची सोय असते, पण 'उगाच डोक्याला ताप' म्हणून अनेक घरांत ती टाळली जाते.

याचा दोष मी पालकांना देत नाही. राज्याची प्रवेश परीक्षाच मुळी दोन गटांत वाटलेली आहे : एकात गणित, दुसऱ्यात जीवशास्त्र. माझी तक्रार वेगळी आहे. प्रवेशाच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी हळूहळू ज्ञानाचीच वाटणी आहे, असे आपण धरून चाललो आहोत. कॉलेजातही रसायनाची इमारत वेगळी, जीवशास्त्राची वेगळी, आणि गणिताचे प्राध्यापक तर प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढतच नाहीत. विषयाविषयांत एक प्रकारचे सोवळे-ओवळे तयार झाले आहे. संशोधन मात्र असे सोवळे पाळून होत नाही. ज्यांना मोठे संशोधक म्हणून आपण मान देतो, त्यांनी ते पाळलेले नाही.

जी. एन. रामचंद्रन यांचेच पाहा. १९२२ साली एर्नाकुलमला जन्मलेला हा माणूस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेला तो विद्युत अभियांत्रिकी शिकायला. तेथून तो सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली भौतिकशास्त्रात आला. १९५२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता त्यांच्या बोलण्यातून एक प्रश्न पुढे आला : कोलॅजन या प्रथिनाची रचना कशी असेल? कोलॅजन म्हणजे आपल्या कातडीचा, हाडांचा, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांचा मुख्य धागा. चामडे म्हणजे बव्हंशी कोलॅजनच, आणि जेली घट्ट होते ती त्याच्यापासून काढलेल्या जिलेटिनमुळे.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने कोलॅजन आणायचे कोठून? मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तेथून कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे नमुने मिळाले. त्यांच्यातून क्ष-किरण सोडून, उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागांचा हिशेब मांडायचा, असे ते काम. १९५४ मध्ये रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उत्तर प्रसिद्ध केले. कोलॅजनमध्ये तीन साखळ्या असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारणा करून दाखवले की, या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, अगदी तिपेडी वेणीसारख्या. वेणीच्या आतल्या बाजूला जागा फार थोडी, म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या ठिकाणी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल बसलेले असते. कातडी कमावणाऱ्यांची संस्था, भौतिकशास्त्राचा विभाग, सेंद्रिय रसायनातली साखळी आणि शरीराचा सांगाडा असे चार विषय एका वेणीत गुंफले गेले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणत्याही प्रथिनाची साखळी कशीही वळू शकते काय, असा प्रश्न त्यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह हाती घेतला. साखळीतल्या प्रत्येक दुव्याला दोन ठिकाणी फिरण्याची मुभा असते. पण फिरता फिरता अणू एकमेकांवर आदळू लागले, तर ती स्थिती बाद. म्हणजे रसायनातली अणूंची मापे आणि भूमितीतले दोन कोन एवढ्या भांडवलावर जीवशास्त्रातले उत्तर काढायचे. आजच्यासारखे संगणक हाताशी नव्हते. १९६३ मध्ये त्यांनी जो आलेख छापला, तो आज जगभर 'रामचंद्रन आलेख' म्हणून शिकवला जातो. चौकोनी कागदावर काही बेटे रंगवलेली, तेवढी शक्य आणि बाकीचा बहुतेक समुद्र अशक्य. साठ वर्षे उलटली, तरी एखाद्या प्रथिनाची नवी रचना कोणी मांडली की ती या आलेखावर ठेवून तपासली जाते.

आता सीटी स्कॅनकडे येऊ. हे नाव आता प्रत्येक घराच्या ओळखीचे झाले आहे, दुर्दैवाने बहुधा काळजीच्या दिवसांत. साध्या क्ष-किरण चित्रात सगळे एकावर एक पडलेले दिसते. पण अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू पुन्हा उभी करता येते, हे गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. रुग्णालयाशी त्याचा काही संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. दक्षिण आफ्रिकेतले भौतिकशास्त्रज्ञ अॅलन कॉरमॅक केपटाऊनच्या रुग्णालयात काम करत असताना त्याच प्रश्नाशी येऊन ठेपले. राडोन यांच्या कामाची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी सगळे गणित नव्याने रचले आणि १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडेही फारसे कोणी पाहिले नाही. शेवटी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने इंग्लंडमध्ये यंत्र तयार केले, तेही ईएमआय या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीत. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

आणि त्याच १९७१ साली रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह सावल्यांवरून चित्र उभे करण्याची एक सोपी, वेगवान गणिती रीत प्रसिद्ध केली. स्कॅनच्या तंत्रात ती 'राम-लाक' या जोडनावाने आजही ओळखली जाते. प्रथिनांच्या ठिपक्यांशी वीस वर्षे झगडलेल्या माणसाला रुग्णालयातला प्रश्न परका वाटला नाही, कारण आतले गणित जवळजवळ तेच होते.

या गोष्टीतला मला अस्वस्थ करणारा भाग राडोन आणि कॉरमॅक यांच्यामधला आहे. उत्तर १९१७ पासून छापून पडलेले, आणि ज्याला त्याची गरज, त्याला ते ठाऊक नाही. भिंतीच्या एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला रोगी, असा हा प्रकार. अशी आणखी किती उत्तरे आज ग्रंथालयांत धूळ खात पडली असतील, याचा विचार केला की विषयांमधल्या भिंतींची किंमत कळते.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी आहेत. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेल्या कोसंबींना मराठी वाचक इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते पेशाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये त्यांचा आनुवंशिकीवरचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर, ती पुढच्या पिढीत किती वेळा विलग होतात यावरून काढतात. पण अंतर वाढले की हा हिशेब फसू लागतो. तो कसा सुधारायचा, याचे सूत्र कोसंबींनी दिले. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे संशोधक आजही ते वापरतात. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, त्यांनी संख्याशास्त्रातली जी कल्पना मांडली, तिचा उपयोग पुढे खळाळत्या प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या इंजिनिअरांना झाला. ती सहसा कारहुनेन आणि लोएव्ह या नंतरच्या दोघांच्या नावाने ओळखली जाते, ही गोष्ट वेगळी. आणि हेच कोसंबी तराजू घेऊन प्राचीन नाणी तोलत बसत. नाणे हातोहाती फिरून किती झिजले, यावरून ते इतिहासाचा माग काढत.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. सगळ्यातले थोडे थोडे शिकून 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होणार नाही काय? होईल, जर सगळे वरवरचे असेल तर. म्हणूनच हे लक्षात ठेवले पाहिजे की रामचंद्रन भौतिकशास्त्रात आणि कोसंबी गणितात पक्के मुरलेले होते. एक विषय हाडीमाशी खिळलेला, आणि बाकीच्यांकडे जाणारी वाट मोकळी. माझा आग्रह या वाटेपुरता आहे. जीवशास्त्राच्या मुलीने मोठी गणिती व्हावे असे नव्हे, पण गणित पाहून तिने दार लावून घेऊ नये.

पूर्वीपेक्षा आज याची निकड जास्त आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांच्या रचनांवरील कामासाठी डेव्हिड बेकर, डेमिस हस्साबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. त्यांपैकी हस्साबिस संगणकाचे, तर जंपर भौतिकशास्त्र शिकलेले. आणि आपले स्वतःचे प्रश्न तरी कोणत्या खात्यात बसतात? उसावरचा रोग जीवशास्त्राचा, त्यावरचे औषध रसायनाचे, ते किती परिणामकारक हे संख्याशास्त्राने ठरवायचे आणि फवारणीचा पंप इंजिनिअरने करायचा. शेतकऱ्यापुढे मात्र तो एकच प्रश्न म्हणून उभा राहतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषयांच्या भिंती कमी करण्याचे सांगितले आहे. कागदावरचे कॉलेजात उतरायला मात्र माणसे लागतात. शेवटच्या वर्षाचा एक तरी प्रकल्प दोन विभागांच्या दोन प्राध्यापकांनी मिळून घ्यावा, एवढे केले तरी सुरुवात होईल. त्याला नवी इमारत लागत नाही.

घरात करण्यासारखी गोष्ट त्याहूनही साधी आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलांना 'कोणता विषय सोडतोस?' असे विचारण्याऐवजी 'तुला कशाचे उत्तर शोधावेसे वाटते?' असे विचारावे. झेपत असेल त्या मुलाला चारही विषय घेऊ द्यावेत, निदान दोन वर्षे. आणि एखादा विषय सोडावाच लागला, तर त्याचे पुस्तक रद्दीत न घालता घरातल्या फळीवर राहू द्यावे.