आधीच्या मालकाचा रस्ता

डिझेलवर चालणारी लहान मोटार नवी घ्यावी असे कोणाच्या मनात आले, तर त्यास आजच्या बाजारात निवड अशी जवळजवळ उरलेलीच नाही. 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 चे उत्सर्जन-निकष अमलात आले. ते निकष पाळणारे छोटे डिझेल इंजिन तयार करून विकणे परवडणार नाही असा हिशेब मांडून मारुतीने त्याच मुहूर्तावर डिझेलचे खाते बंद केले. ह्युंदाईने आय-20 मधून डिझेल इंजिन 2023 साली काढून घेतले. आणि पिंपरीस तयार होणारी टाटांची अल्ट्रोझ तेवढी या वर्गाची निशाणी म्हणून मागे राहिली. तेव्हा ज्यास रोजच्या जाण्यायेण्यासाठी डिझेलचीच छोटी गाडी हवी आहे, त्याने वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराची पायरी चढावी हे ओघानेच आले. या बाजारात पाऊल टाकणारा मनुष्य प्रथम रंग पाहतो, मग मीटर पाहतो आणि शेवटी किंमत विचारतो; माझे मत असे की, या तिहींच्या आधी त्याने ती गाडी आजवर कोणत्या रस्त्याने हिंडली याची चौकशी करावी, कारण डिझेल इंजिनाची प्रकृती त्याच्या वयावर अवलंबून असते त्याहून अधिक त्याच्या दिनचर्येवर अवलंबून असते.

ही गोष्ट उलगडण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जून 2010 मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, परंतु शेतकरी, मालवाहतूक आणि महागाई यांचा विचार करून डिझेलला मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत सरकारी दराच्या छत्राखालीच ठेवले. मधल्या चार वर्षांत दोन्ही इंधनांच्या भावातील तफावत वाढत वाढत 2012 च्या उन्हाळ्यात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास जाऊन पोहोचली, आणि मध्यमवर्गीय गृहस्थांच्या मनावर या तफावतीची अशी काही मोहिनी पडली की, ज्यांचा सारा प्रवास घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून देवळापर्यंत होता त्यांनीही लाखभर रुपये अधिक मोजून डिझेलच्या गाड्या दारात आणून उभ्या केल्या. हा लाख रुपयांचा फरक त्यांच्या तशा वापरातून किती वर्षांनी फिटेल, हा प्रश्न त्या काळी विचारणारा मनुष्य अरसिक समजला जाई. परिणाम असा झाला की, आज बाजारात येणाऱ्या त्या काळच्या गाड्यांचे सरळसरळ दोन वर्ग पडलेले आहेत: एक, रस्त्यासाठी घेतलेल्या, आणि दुसरा, भावासाठी घेतलेल्या. बाहेरून पाहता दुसऱ्या वर्गातील गाड्या अधिक देखण्या असतात, हीच खरी अडचण आहे.

या पिढीतील बहुसंख्य गाड्यांच्या पोटात एकच इंजिन होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फियाट कंपनीचे 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन मारुतीने डीडीआयएस या नावाने 2007 साली स्विफ्टमध्ये आणि पुढे रिट्झमध्ये घातले, टाटांनी क्वाड्राजेट असे त्याचे नामकरण करून ते इंडिका व्हिस्टात बसविले, आणि फियाटने ते पुण्याजवळच्या रांजणगावात तयार करून आपल्या पुंटोत वापरले. मोटारींच्या जगात त्यास 'राष्ट्रीय इंजिन' असे थट्टेने म्हणत, आणि ती थट्टा अवास्तव नव्हती. ग्राहकाच्या दृष्टीने या वंशावळीस व्यावहारिक महत्त्व आहे. फियाटच्या गाड्या येथे येईनाशा झाल्या, शेव्हरोलेटने 2017 च्या अखेरीस देशातील विक्री थांबविली, फोर्डने 2021 साली येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली; अशा वेळी निर्वंश झालेल्या कंपनीची गाडी घ्यावी की नाही, हा विचार पडतो. माझा कल असा की, इंजिन मल्टिजेट असेल तर त्याचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, म्हणून पुंटो घेण्यास इंजिनापुरती भीती नाही. मात्र तिच्या दाराची कडी किंवा मागचा दिवा तुटला, तर मालकास पुण्यामुंबईच्या जुन्या बाजारात पायपीट करावी लागेल. फोर्डची फिगो चालविण्यास अतिशय गोड; परंतु ज्याच्या गावात त्या गाडीचा जाणकार फिटर नाही, त्याने त्या गोडव्यास भुलू नये. चाकणची पोलो, टोयोटाची लिव्हा, ह्युंदाईची ग्रँड आय-10 यांचे गुणदोष वर्णन करीत बसण्यास येथे जागा नाही.

आता दिनचर्येविषयी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; हवा सतरा पटींच्या आसपास दाबली जाऊन इतकी तप्त होते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. असे इंजिन अंगात ऊब आल्यावर आणि एका गतीने चालत असता सुखात असते. परंतु ते रोज सकाळी दोन किलोमीटर नेऊन बंद करावे, संध्याकाळी तेवढेच चालवून परत आणावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला तर अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी साचू लागते. धुराचा काही अंश पुन्हा आत घेणारी ईजीआर नावाची झडप त्या काजळीने चिकटते, टर्बोच्या नाजूक हालचाली जड होतात, इंजेक्टरची तोंडे फवारण्याऐवजी ठिबकू लागतात. बीएस-6 च्या गाड्यांत तर धुराड्याच्या मार्गात काजळी धरून ठेवणारी गाळणीच बसविलेली आहे, आणि ती गाळणी आपली काजळी जाळून स्वच्छ व्हावी म्हणून गाडीने काही काळ मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने धावणे आवश्यक असते. ज्याची गाडी सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच जाते, त्याच्यापुढे गाळणी तुंबल्याचा पिवळा दिवा वारंवार लागतो आणि शेवटी वर्कशॉपचे बिल येते. यावरून एक निष्कर्ष निघतो, तो ऐकणाऱ्यास प्रथम विपरीत वाटतो: चाळीस हजार किलोमीटर शहरात फिरलेल्या डिझेल गाडीपेक्षा दीड लाख किलोमीटर महामार्गावर धावलेली गाडी पुष्कळदा निरोगी असते.

माझा भाचा साताऱ्यास राहतो आणि कराडच्या एका महाविद्यालयात शिकवितो. जाऊन येऊन रोजचे शंभर किलोमीटर. त्याने गेल्या महिन्यात दोन स्विफ्ट हेरून ठेवल्या आणि "मामा, तुम्ही एकदा बघून जा" असा निरोप धाडला. पहिली कोथरूडच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची, 2013 ची, मीटरवर एकेचाळीस हजार, आसनांवर अद्याप प्लास्टिकच्या खुणा, आणि मालकांच्या बोलण्यात त्या गाडीविषयी असे वात्सल्य की, किंमत कमी करण्याची गोष्ट काढणे अशिष्टपणाचे वाटावे. दुसरी मिरजेच्या एका औषध-प्रतिनिधीची, 2015 ची, मीटरवर एक लाख बेचाळीस हजार, उजव्या दारावर ओरखडा. विटा, जत, कोल्हापूर, कराड असा तिचा आठवड्याचा फेरा ठरलेला. भाच्याचा जीव पहिलीत अडकला होता. मी दुसरीच्या बाजूने कौल दिला, तेव्हा "अहो मामा, हिला किती पळवलीय ते तरी बघा!" असे तो कळवळून म्हणाला, आणि मला हेच तर पाहावयाचे होते.

पुसेगावच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात पाहून वय ठरवितो, कारण दात खोटे सांगत नाहीत. मोटारीच्या मीटरबद्दल तशी ग्वाही देता येत नाही, कारण तो मागे फिरविणारे कारागीर प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. म्हणून मीटरचा आकडा हा केवळ मालकाचा जबाब समजावा आणि त्यास इतर साक्षीपुरावे जोडावेत. अधिकृत सर्व्हिस केंद्राच्या दप्तरी गाडीच्या क्रमांकावर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात, तो उतारा मागून घ्यावा. क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचे झिजून चकचकीत झालेले कातडे आणि चालकाच्या आसनाची खचलेली कड त्या आकड्याशी जुळतात की नाही हे पाहावे. टायरवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तयार झाला हे लिहिलेले असते, तेही वाचावे. मिरजेच्या गाडीचा उतारा सहा पाने भरला होता आणि दर दहा हजारांस तेल बदलल्याची नोंद त्यात न चुकता होती. कोथरूडच्या गाडीचे तेल दोन-दोन वर्षे बदललेले नव्हते, कारण 'गाडी चाललीच कुठे' असे मालकांचे म्हणणे. आणि या इंजिनाची टाइमिंग चेन तेलावरच जगत असल्यामुळे, तेलाची हयगय झाली की ती सैल पडून पुढील बाजूने खळखळ ऐकू येऊ लागते.

इंजिनाची परीक्षा सकाळी, ते थंड असताना करावी. विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावताच कळते, आणि मग चहा घेऊन, संध्याकाळी पुन्हा येतो असे सांगून उठावे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात सुरू झाले पाहिजे. निळसर धूर येत राहिला तर तेल जळते आहे, रेस देताना काळ्या धुराचे लोट निघाले तर इंधनाचा किंवा हवेचा मार्ग बिघडला आहे. चालू इंजिनावर तेलाचे झाकण सैल करून पाहावे. ते भकाभक उसळू लागले तर पिस्टनच्या रिंगा थकल्या असे समजून नमस्कार करावा. तेल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये, डिझेलमध्ये नवे तेलही थोड्याच दिवसांत काळवंडते. नंतर गाडी चढावर न्यावी. मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या आत हे इंजिन जरा मरगळलेलेच असते, तो त्याचा स्वभाव. त्यावर गेल्यावर जी उसळी यावयास हवी ती आली नाही, तर टर्बो किंवा त्याचे नळ तपासून घ्यावेत.

सांगली-कोल्हापूर भागातील गाडी घेताना आणखी एक पंचनामा आवश्यक ठरतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात असंख्य वाहने बुडाली, आणि त्यांतील काही धुऊनपुसून दूरच्या बाजारात उभी राहिली. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्याच्या तळाशी गाळाची रेघ सापडते. सतरंजीखाली हात घालावा, आसनांचे स्क्रू गंजलेत का ते पाहावे, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा. मिरजेच्या गृहस्थाने हे सर्व न कुरकुरता करू दिले. ज्यास लपवावयाचे काही नसते तोच इतका सोशीक असतो, असे निदान मी तरी धरून चालतो.

आता पैशाचा हिशेब. पेट्रोल एकशे चार आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर महिन्यास चोवीसशे किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्या भाच्यास, डिझेलचा वीस आणि पेट्रोलचा सतरा असा ॲव्हरेज मानून, महिन्याकाठी सुमारे चार हजारांची बचत होते. वर्षास शेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार. हाच हिशेब शहरात महिन्यास पावणेचारशे किलोमीटर फिरणाऱ्यास लावला, तर बचत महिन्यास हजारापलीकडे जात नाही, आणि एक नवा इंजेक्टर घ्यावयाचा झाला की वर्षाची ती पुंजी संपते. अशा गृहस्थाने पेट्रोलची गाडी घ्यावी, किंवा डिकीची जागा गमावण्याची आणि पंपावर रांगेत उभे राहण्याची तयारी असेल तर सीएनजीची.

कागदपत्रांबाबत दलालाच्या आश्वासनांवर विसंबू नये. कर्ज फिटले असले तरी आरसीवरील बँकेचा बोजा उतरला आहे का हे पाहावे, नसल्यास बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 घ्यावा. ई-चलानांची थकबाकी आधी भरून घ्यावी. हस्तांतरणाचे फॉर्म 29 व 30 यांवर आपल्यासमोर सह्या व्हाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 अन्वये राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओस कळविणे बंधनकारक आहे, आणि यात टाळाटाळ झाली तर ती विकणाऱ्याच्याच अंगाशी येते. कारण 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गाडी कितीही हातांतून फिरली तरी दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडील गाड्या स्वस्तात विकावयास निघाल्या आणि त्या पाहून आपल्याकडील कित्येकांच्या तोंडास पाणी सुटले. परंतु त्यांस तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, येथे कर नव्याने भरावा लागतो, आणि तो आपल्या राज्यात डिझेलला पेट्रोलहून चढ्या दराने आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फेरतपासणी आणि पर्यावरण कर. म्हणजे मिरजेच्या गाडीस 2030 पर्यंत निर्धास्त मुदत होती आणि कोथरूडच्या गाडीस 2028 पर्यंतच, हाही मुद्दा माझ्या बाजूचाच निघाला.

भाच्याने शेवटी मिरजेची गाडी घेतली. दारावरचा ओरखडा दाखवून त्याने किंमत पंधरा हजारांनी उतरविली आणि त्या पैशांत ओरखडा न बुजविता तेल, तिन्ही गाळण्या व पुढचे ब्रेकपॅड बदलून घेतले. टाइमिंग चेन बदलावी की आणखी वर्षभर थांबावे, याविषयी कराडचा फिटर आणि मी यांचे एकमत झालेले नाही. पुढील रविवारी इंजिनाचे पुढचे झाकण उघडून पाहावयाचे ठरले आहे.