पटावर आहेत, अंदाजपत्रकात नाहीत

दरवर्षी फेब्रुवारी महिन्याच्या सुमारास महानगरपालिकांची अंदाजपत्रके सादर होतात. वर्तमानपत्रांत दोन दिवस कोटींच्या आकड्यांचा पाऊस पडतो. रस्ते, पूल, पाणी, इस्पितळे आणि मग एका कोपऱ्यात शिक्षण. आपल्या मोहल्ल्यात त्या कोपऱ्याकडे कुणी पाहत नाही. उर्दूच्या नावाने अश्रू ढाळणारे पुष्कळ आहेत. परिसंवाद होतात, मुशायरे होतात, 'उर्दू बचाओ'चे ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतात. परंतु उर्दू शाळेतील मुलांसाठी यंदा किती रुपये मंजूर झाले, मागच्या वर्षीचे किती खर्च झाले, हे विचारणारा एकही पुढारी मला पंधरा वर्षांच्या नोकरीत भेटला नाही. भाषा मुशायऱ्यावर जगत नाही. ती वर्गात जगते, आणि वर्ग अंदाजपत्रकावर चालतो.

मी एका नगरपालिकेच्या उर्दू शाळेत शिकवते. ती मुंबईची नाही आणि तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पण उदाहरणासाठी मुंबईच घेऊ, कारण देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका ती आहे. जिथे पैसा नाही तिथे गरिबीची सबब चालते. मुंबईत तीही चालत नाही.

मुंबई महानगरपालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे ५९,९५५ कोटी रुपयांचे होते आणि शिक्षणाचे ३,४९८ कोटींचे. २०२५-२६ मध्ये पालिकेचा आकडा ७४,४२७ कोटींवर गेला आणि शिक्षणाचा ३,९५६ कोटींवर. शिक्षणाचे रुपये वाढले हे खरेच. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. आदल्या वर्षी शिक्षणाचे प्रमाण शंभराला पावणेसहाच्या आसपास होते, पुढच्या वर्षी ते सव्वापाचच्या आसपास आले. तिजोरी फुगली आणि तिच्या तुलनेत शाळेचा वाटा आकसला. बातमी मात्र 'शिक्षणासाठी भरघोस तरतूद' अशीच छापून येते.

आता दुसरा हिशेब. महापालिकेच्या शाळांतील मुले तीन लाखांच्या वर. तरतुदीला मुलांच्या संख्येने भागले की दर मुलामागे लाखाहून अधिक रुपये येतात. हा आकडा ऐकून मध्यमवर्गीय माणूस चमकतो आणि म्हणतो, 'एवढा पैसा खाऊनही या शाळा अशाच?' त्याला कुणी सांगत नाही की या रकमेचा मोठा भाग पगारात आणि निवृत्तिवेतनात जातो, त्यातूनच खासगी शाळांचे अनुदानही दिले जाते, आणि भांडवली कामांची तरतूद कागदावर असली म्हणजे ती खर्च होतेच असे नाही. सरासरी ही मोठी लबाड गोष्ट आहे. एका ताटात बिर्याणी आणि दुसऱ्या ताटात काहीच नसले, तरी सरासरीने दोघांनी अर्धी अर्धी बिर्याणी खाल्लेली असते.

मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवते. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि तिचे श्रेय पालिकेला दिलेच पाहिजे. मुलांना वह्या, दप्तर, गणवेश, बूट अशा २७ वस्तू मोफत मिळतात, हेही चांगले आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांवर किती, मराठी माध्यमाच्या मुलांवर किती, आणि २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने केंद्रीय मंडळांच्या ज्या इंग्रजी शाळा उघडल्या त्यांतील मुलांवर किती, हे सामान्य पालकाला एका पानावर वाचता येईल असे का छापले जात नाही? गोवंडी-मानखुर्दच्या मुलामागे किती आणि दक्षिण मुंबईच्या मुलामागे किती, हे शेजारी शेजारी का येत नाही? २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग शहराच्या तळाशी होता. त्याचा निर्देशांक होता ०.०५. ज्या विभागाची गरज सर्वांत मोठी, त्याच्या वाट्याला काय आले हे सांगता येत नसेल तर ते अंदाजपत्रक कुणासाठी लिहिले जाते?

कुणी म्हणेल, माहिती नसेल, मग छापणार काय? माहिती नाही हे आम्हा शिक्षकांना सांगू नका. ती आम्हीच भरतो. दरवर्षी 'यू-डायस'चे रकाने भरताना मुलाचे वय, जात-प्रवर्ग, अल्पसंख्याक गट, मातृभाषा, शिक्षणाचे माध्यम, अपंगत्व, सारे लिहून द्यावे लागते. शाळेत खोल्या किती, मुलींचे स्वच्छतागृह चालू आहे की बंद, हेही लिहावे लागते. म्हणजे मुलांचे संपूर्ण चित्र शासनाकडे आहे. अंदाजपत्रकही शासनाकडे आहे. फक्त दोन्ही कागद एका टेबलावर येत नाहीत. खालून वर गेलेली माहिती खोली होऊन, शिक्षक होऊन परत खाली येत नाही.

येते ती वजाबाकी होऊन. आता शिक्षकांची पदे ठरवताना, म्हणजे संचमान्यतेत, आधार जुळलेलीच मुले धरली जातात. आमच्या मुलांची नावे कशी असतात ते वाचकांना ठाऊक आहे. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शैख', तिसऱ्यावर 'सेख'. आईचे नाव एकीकडे 'बी', दुसरीकडे 'बानो'. बाप मजुरीला आज भिवंडीत, उद्या मालेगावात. नाव जुळले नाही की मूल रोज वर्गात बसलेले असूनही हिशेबातून बाद. अशी चार-पाच मुले बाद झाली की एक पद जाते, आणि एक पद गेले की दोन वर्ग एका खोलीत येतात. मूल डोळ्यांसमोर आहे, हजेरीत आहे, खिचडीच्या रांगेत आहे. फक्त मोजणीत नाही. यात कुणी मुद्दाम द्वेष केला असे मी म्हणत नाही. पण परिणाम द्वेषाने झाला असता त्यापेक्षा वेगळा नाही.

रिक्त पदांची गोष्ट याहून गंभीर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २६ सांगते की, कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक पदे रिक्त ठेवता येणार नाहीत. दहा शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तर चालेल, दुसरी चालणार नाही. आपापल्या गावच्या उर्दू शाळेत जाऊन रिकाम्या जागा मोजून पाहा, मग कायद्याची काय किंमत आहे ते कळेल. जाहिरात निघाली तरी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली उर्दू माध्यमाची पदे भरली जात नाहीत, कारण त्या प्रवर्गात उर्दू माध्यमातून शिकलेले उमेदवार जवळजवळ नसतातच. मुसलमानांतील हलालखोर-मेहतर यांसारख्या जमाती हे काम करू शकल्या असत्या. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी तो खुला झाला, मुसलमान व ख्रिस्ती दलितांसाठी नाही. अनुसूचित जमातीत तडवी भिल्लांसारखा अपवाद आहे, पण तो खानदेशापुरता. दोष आरक्षणाचा नाही, हे मी ठासून सांगते. आरक्षण नसते तर आपल्यातील बागवान, मोमीन, मणियार यांची लेकरे आज शिक्षक झाली नसती. दोष त्या व्यवस्थेचा आहे जिला ठाऊक आहे की हे पद असे भरणार नाही, आणि तरी ती वर्षानुवर्षे तेच पद तसेच जाहीर करते. पद रिकामे राहिले की पगार वाचतो. हिशेबाच्या वहीत त्याला बचत म्हणतात. ती बचत कुणाच्या अभ्यासातून झाली हे वहीत लिहिलेले नसते.

इथे आपल्यातलेच काही सुशिक्षित मित्र म्हणतील, 'बाई, हे रडगाणे कशाला? उर्दू शाळा बंद करा, मुलांना मराठीत घाला, प्रश्न मिटला.' हा विचार मी हसण्यावारी नेत नाही. कोकणातला मुसलमान घरात कोकणी-मराठी बोलतो, त्याने मूल मराठी शाळेत घातले तर तो त्याचा हक्क आहे. हा लेखही मी मराठीतच लिहिते आहे आणि मराठी मला परकी नाही. परंतु २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ७५ लाख लोकांनी आपली मातृभाषा उर्दू नोंदवली. राज्यघटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते, आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शक्यतोवर माध्यम मातृभाषाच असावे. माध्यम बदलायचे तर पालकाने विचार करून बदलावे. शिक्षक देऊ नयेत, खोली देऊ नये, सातवीनंतर जवळ शाळा देऊ नये, आणि मग मुले गळाली की 'लोकांनाच उर्दू नको' असे जाहीर करावे, याला निवड म्हणत नाहीत. सातवी-आठवीनंतर शाळा दूर गेली की सर्वांत आधी मुलगी घरी बसते. तिने माध्यम बदललेले नसते, तिचे शिक्षण संपलेले असते. आणि मराठीची खरीच काळजी असेल तर उर्दू शाळेत मराठीचा चांगला शिक्षक द्या. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली; शिक्षकाची सक्ती कुणी स्वतःवर करून घेतली?

आपल्या लोकांकडे अंदाजपत्रक वाचायची सवय नाही, कारण ते वाचून काही होते असा अनुभव नाही. इतरत्र काय चालते ते पाहावे. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात पाच मोठी शहरे सोडली तर दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी नागरिक आपल्या शाळा-जिल्ह्याच्या अंदाजपत्रकावर मतदान करतात. अंदाजपत्रकाला शाळांचे प्रगतिपत्रक जोडावे लागते. लोकांनी दोनदा नाकारले तर करवाढ करता येत नाही. पण तेवढ्याने न्याय होतोच असे नाही. त्याच राज्यातील ईस्ट रॅमापो या शाळा-जिल्ह्यात बहुसंख्य मतदारांची मुले खासगी धार्मिक शाळांत जात होती. सार्वजनिक शाळांत उरली ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गरिबांची मुले. ज्यांची मुले त्या शाळांत नाहीत त्यांनी निवडलेले मंडळ त्या शाळांच्या पैशांचा निर्णय करत राहिले. शिक्षक कमी झाले, कार्यक्रम बंद पडले. शेवटी राज्याने नेमलेल्या तपासनीसाने २०१४ मध्ये या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

हे वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या अंजुमनांकडे, जमातींकडे आणि नगरसेवकांकडे पाहावे. उर्दू शाळेबद्दल बोलणाऱ्या किती मान्यवरांची मुले उर्दू शाळेत आहेत? ती इंग्रजी कॉन्व्हेंटमध्ये आहेत. त्यांना दोष देत नाही, पण मग उर्दूच्या वतीने बोलण्याचा मक्ता त्यांच्याकडे कसा? ज्या रिक्षावाल्याची, विडीकामगार बाईची, यंत्रमागावरच्या मजुराची मुले तिथे आहेत, त्यांना व्यासपीठावर खुर्ची नाही. 'मुसलमानांची मुले मदरशात जातात' असे बाहेरचे म्हणतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले की शाळेच्या वयातील शंभरांत तीन-चारच मुले मदरशात जातात. म्हणजे कौमची तालीम सार्वजनिक पैशावर अवलंबून आहे, आणि त्या पैशावर आपले लक्ष नाही.

हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते: रयतेच्या घामातून सारा गोळा होतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. गोवंडीतला कामगारही साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतोच.

मुंबईत मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधल्या काळात २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके प्रशासनाने मांडली आणि प्रशासनानेच मंजूर केली. शिक्षण समितीत प्रश्न विचारणारा लोकनिर्वाचित सदस्यच नव्हता. आता नगरसेवक आहेत. त्यांना गटार आणि नळ याबरोबर शाळेचेही विचारावे लागेल. नगरसेवकाने विचारले नाही, तर विचारण्याचा दुसरा रस्ता कायद्याने पालकांच्याच हाती दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते, आणि शासनाने वा स्थानिक संस्थेने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असावा असे कायदाच म्हणतो. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटे भरतात आणि पालक आई अंगठा उठवते.

म्हणून समाजाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. एका मुशायऱ्याचा मंडप कमी घाला आणि डिसेंबरपूर्वी आपल्या वस्तीतील प्रत्येक उर्दू शाळेच्या समितीत जाऊन बसा. पटावर किती मुले, आधार न जुळल्याने किती बाद, मंजूर पदे किती, रिकामी किती, मराठीचा शिक्षक आहे की नाही, सातवीनंतर मुली कुठे जातात, एवढे एका कागदावर लिहा. त्याखाली मागणी लिहा आणि तोच आराखडा म्हणून द्या. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. पण तारीख घाला, सगळ्या आयांच्या सह्या घ्या, आणि कचेरीतून पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.