चप्पल टोकालाच का उघडते?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. मुद्दा मात्र पक्का आहे.

पावसाळ्यात होस्टेलमधल्या प्रत्येकीच्या चपलेचा सोल एकदा तरी उघडतो. कुठून? पुढच्या टोकाकडून. मधूनच सुटलेला मी तरी पाहिला नाही. कल्याण नाक्यावरचे चप्पल दुरुस्त करणारे काका आधी जुना थर घासून काढतात, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून सुकू देतात, मग ठोकतात. वर टोकाला दोन टाके! का, विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळी ओढ टोकालाच बसते."

आपण परीक्षेत काय लिहितो? भार भागिले क्षेत्रफळ. म्हणजे गोंद सगळीकडे सारखाच ताण घेतो! व्होल्करसेनने १९३८ मध्येच दाखवलं की पत्रे ताणले जातात, त्यामुळे लॅप जॉइंटमध्ये शिअर स्ट्रेस दोन्ही टोकांना सर्वांत जास्त असतो. १९४४ मध्ये गोलंड आणि राइसनर यांनी पुढची गोष्ट मांडली. दोन पत्र्यांतला भार एका रेषेत नसतो, म्हणून सांधा वाकतो आणि टोकाला सोलून काढणारा ताण, म्हणजे पील, येतो.

मी व्होल्करसेनचं सूत्र वापरून गणित केलं. स्टीलचे १.६ मिमी जाडीचे पत्रे, ०.२ मिमी गोंदाचा थर, गोंदाचा शिअर मॉड्युलस १ गिगापास्कल धरला. भार तोच ठेवून ओव्हरलॅप १२.५ वरून २५ मिमी केला. सरासरी ताण निम्मा झाला, पण टोकाचा फक्त १८ टक्क्यांनी उतरला. २५ चे ५० केले तर जेमतेम अडीच टक्के! म्हणजे "अजून थोडा गोंद लाव" हा काही उपाय नव्हे.

आणि हे फक्त चपलेपुरतं नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर आकाशात उडालं. एका हवाई सेविकेचा जीव गेला. पत्र्यांच्या सांध्यांतला गोंद सुटला होता, भार रिव्हेटवर आला आणि तिथे फटीग क्रॅक वाढत गेले.

आता आपल्या गावाकडे बघा. २१ सप्टेंबर २०२० ला भिवंडीत जिलानी बिल्डिंग कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. त्या घटनेचा गोंदाशी संबंध मला जोडायचा नाही. पण जुन्या इमारती टिकवायच्या तर बीमखाली इपॉक्सीने कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवणं हा एक मार्ग आहे. त्या पट्ट्याही बऱ्याचदा टोकाकडून सुटतात, आणि एका मर्यादेनंतर पट्टी लांबवून ताकद वाढत नाही. म्हणून टोकाला आडवी पट्टी गुंडाळतात. काकांचे टाकेच की हे! उद्या ते डिझाइन आपल्यापैकीच कुणीतरी करणार, आणि त्या बीमखाली एखादं कुटुंब झोपलेलं असणार.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती. वर्कशॉपमध्ये आपण वेल्डिंग करतो, रिव्हेट मारतो, तसे चार चिकटवलेले नमुनेही करू द्या. दोन घासून-पुसून, दोन तसेच तेलकट. यूटीएमवर ओढून बघू. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपर आणि अ‍ॅराल्डाइटचा एक पॅक.

तोपर्यंत मी काकांनाच गुरू मानते. त्यांना सूत्र माहीत नाही, पण ताण कुठे येतो ते माहीत आहे. आपलं नेमकं उलटं आहे!