दहीहंडीच्या आधीचा महिना

गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंत गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. गोपाळकाल्याला अजून महिना-सव्वा महिना असतो. कामधंदा, कॉलेज आटोपून पोरं रात्री मैदानात जमतात, बजरंगबलीचा जयघोष होतो आणि थर चढू लागतात. लावलेले थर सावकाश उतरवायचे, पुन्हा लावायचे. कोणाच्या खांद्यावर कोण, कोणाचा पाय कुठे, सगळ्यात वरचा एक्का कधी उठणार, हे सगळं इथे ठरतं. गोपाळकाल्याच्या दिवशी दिसते ती या रात्रींची कमाई.

ती थक्क करणारी आहे. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. ४३.७९ फूट उंचीच्या त्या मनोऱ्याची गिनीज बुकात नोंद झाली आणि स्पेनचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर रचले. त्याच दिवशी जय जवाननेही दहा थर लावले. एका उपनगरातली ही दोन पथकं.

पण त्याच वर्षी, गोपाळकाल्याला जेमतेम आठवडा उरलेला असताना, दहिसरच्या केतकीपाड्यात सराव करताना एक मुलगा सहाव्या थरावरून पडून मरण पावला. त्याचं वय ११ वर्षं होतं. सुरक्षेत हलगर्जी केल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदवला.

थरांची उंची आणि गोविंदांचं वय, हा वाद कोर्टात बरीच वर्षं चालला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये ही बंधनं कायम राहिली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा घातली नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना चढू देणार नाही, ही राज्य सरकारची हमी मात्र नोंदवून घेतली. पुढे १८ ऑगस्ट २०२२ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांना सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ, मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये. २०२३ पासून प्रो गोविंदा स्पर्धा आली. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांचा विमा सरकारने उतरवला.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. बंधन आलं की दहीहंडी हिंदूंचा सण होते, सवलत हवी असली की खेळ होते. खरं तर ती दोन्ही आहे, आणि त्यात काही वावगं नाही. कुस्तीच्या तालमीतही मारुती असतोच. त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी लाल मातीत उतरत नाही. श्रद्धेमुळेच चाळीतला पोरगा महिनाभर, एका पैशाच्या आशेशिवाय, दुसऱ्याचं वजन खांद्यावर पेलतो. प्रश्न श्रद्धेचा नाही. श्रद्धेच्या नावाखाली खेळाचे नियम टाळण्याचा आहे.

स्पेनमधल्या कॅटलोनियातले लोकही संतांच्या उत्सवांत असेच मनोरे रचतात. युनेस्कोने २०१० मध्ये त्या परंपरेला वारशाचा दर्जा दिला. तिथे मनोरा नुसता उभारणं वेगळं आणि सुखरूप उतरवणं वेगळं मोजलं जातं. २००६ मध्ये एक लहान मुलगी पडून दगावली, त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. उत्सव तसाच चालू राहिला, उंचीही कमी झाली नाही.

आपल्याकडे पोलिस, कॅमेरे, गाद्या, वरून सोडलेला दोर, सगळं काही एका दिवसापुरतं आणि मोठ्या आयोजकांच्या मैदानापुरतं असतं. केतकीपाड्यातला मुलगा गोपाळकाल्याच्या दिवशी पडला नाही. तो सरावात पडला, जिथे बघायला कुणी नव्हतं. साहसी खेळ म्हणायचं तर पथकाची नोंदणी गुरुपौर्णिमेआधी व्हायला हवी: सरावाची जागा, प्रशिक्षकाचं नाव, एक्क्याच्या वयाचा दाखला, दोर, गादी, हेल्मेट. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या लहान पथकांना हे साहित्य परवडत नसेल तर खेळाच्या नावाने येणारा सरकारी पैसा आधी तिकडे जावा. आणि लाखांची बक्षिसं लावणाऱ्या आयोजकांनी सलामी देऊ पाहणाऱ्या प्रत्येक पथकाकडे ही नोंद मागावी. नसेल तर थर लावू देऊ नयेत.