धोक्याचा खोटा बावटा

आमच्या मालवण किनाऱ्यावर बावट्याचा अर्थ कोणास शिकवावा लागत नाहीं. वादळाची सूचना आली कीं बंदरावर बावटा चढतो आणि मच्छीमार आपल्या होड्या किनाऱ्याला ओढतात. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आलें, तेव्हां ज्यांच्या छातींत धडकी भरली त्यांस कोणीं भित्रे म्हटलें नाहीं. भय ही प्राणिमात्राची राखणच आहे. परंतु आभाळ निरभ्र आणि दर्या शांत असतां बावटा चढूं लागला तर? कित्येकांच्या शरीरांत असेंच घडतें, आणि त्यांस मात्र आपण भित्रे म्हणतों. हा अन्याय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या विकारास पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें १९८० सालच्या आपल्या वर्गीकरणांत त्यास स्वतंत्र स्थान दिलें. कांहीं कारण नसतां एकाएकीं छाती धडधडूं लागते, श्वास कोंडतो, दरदरून घाम सुटतो, हातपाय बधिर होतात, आणि आतां प्राण जाणार असें वाटतें. थोड्याच मिनिटांत हा झटका पराकोटीस पोंचतो व पुढें ओसरतो. एखादा झटका आल्यानें विकार जडला असें होत नाहीं. परंतु तो वरचेवर येऊं लागला, आणि पुढचा केव्हां येईल या धास्तीनें मनुष्य बाजार, एस. टी. गाडी किंवा परीक्षेचा वर्ग टाळूं लागला, तर ती गोष्ट गंभीर समजावी. आपल्याकडे कोणी ‘बाधा झाली’ म्हणून गाऱ्हाणें घालतात, तर कोणी ‘अभ्यास नको म्हणून सोंग करतो’ म्हणून दटावतात. दोन्ही प्रकारांत मुलाचे मोलाचे महिने वायां जातात.

मग मेंदूंत कांहीं निराळें असतें काय? मेंदूच्या दोन्ही बाजूंस ॲमिग्डाला नांवाचा बदामाएवढा भाग असतो. भयाचें ठाणें तेंच, असें पुष्कळ काळ मानीत. परंतु २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका दुर्मिळ रोगानें ज्यांचा हा भाग दोन्हीकडे नष्ट झाला होता, अशा तिघांस त्यांनीं ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगावयास दिली. तिघेही भयानें व्याकूळ झाले! त्यांपैकीं एका बाईस एरव्हीं सापाचेंही भय वाटत नसे. यावरून भयाचा बावटा मेंदूंत एकाच ठिकाणाहून चढत नाहीं हें उघड आहे.

अलीकडे ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय संशोधकमंडळानें सुमारें ५,००० लोकांच्या मेंदूंचीं एमआरआय चित्रें एकत्र करून तपासलीं. त्यांत अकराशेंहून अधिक लोक या विकाराचे होते. त्यांच्या मेंदूचें बाह्य आवरण सरासरीनें किंचित् पातळ आढळलें, आणि थॅलॅमस व कॉडेट हे आंतील भाग किंचित् लहान आढळले. हा फरक इतका अल्प आहे कीं एका मनुष्याचें चित्र पाहून त्यास हा विकार आहे कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. तो फरक विकाराचें मूळ आहे कीं परिणाम, हेंही एकदां घेतलेल्या चित्रावरून ठरत नाहीं.

तेव्हां या शोधाचा उपयोग काय? पालकहो, सोंग म्हणणारांस हें उत्तर आहे कीं, हा विकार खरा आहे. आणि ‘मेंदूच बिघडला, आतां काय उरलें?’ असें म्हणून हातपाय गाळणारांस हें सांगावयाचें कीं, मेंदू म्हणजे जांभ्या दगडाचा चिरा नव्हे; शिकण्यानें तो पालटतो. या विकाराच्या उपचारांत रोग्याकडून मुद्दाम धांवण्याचा किंवा जलद श्वास घेण्याचा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं करवितात. छाती धडधडली म्हणजे मरण आलें असें नाहीं, हें त्यास अनुभवानें पटतें. जरूर तेथें औषधेंही देतात. पुष्कळांस यानें गुण येतो.

म्हणून प्रथम डॉक्टरांकडून हृदय व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी, आणि मग मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास लाजूं नये. रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. तरीही त्याचें नांव आपण थट्टेंत घेतों, आणि त्या थट्टेच्या भयानें गरजू मनुष्य घरींच कुढत बसतो. ज्यांस प्रवास जड वाटतो त्यांच्यासाठीं ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथें मराठींतून बोलतां येतें.

आणि विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या बांकावरचा सोबती असा घाबरला तर हसूं नका, भोंवतीं गर्दीही करूं नका. त्याच्याजवळ बसा, सावकाश श्वास घे म्हणून हळू आवाजांत सांगा, आणि एकानें शिक्षकांस बोलवावें. वादळ नसलें तरी बावटा त्यास खराच दिसत असतो. तो उतरेपर्यंत त्याला एकटें सोडूं नका.