गळका आरसा आणि अख्खी असेंब्ली

परवा सकाळी गाडीचं दार उघडलं तर गिअरच्या दांड्याजवळ पिवळसर, तेलकट डाग. सौ.ला वाटलं, मीच चहा सांडला. (आमच्या घरी कुठलाही डाग आधी माझ्या नावावर जमा होतो.) रुमालाने पुसला तर बोटं चिकट झाली आणि खालच्या प्लास्टिकची चकाकी गेली. वर बघितलं, तर मागचं दाखवणाऱ्या आरशाच्या कडेला एक थेंब लोंबत होता. काचेत तपकिरी ढग आणि मधोमध बुडबुडा. मंडळी, आरसा गळत होता!

छप्पर गळतं, नळ गळतो. पण आरसा? गाडी जावयाने वापरून आम्हाला दिलेली, तेरा वर्षांची. आमचा नेहमीचा मेकॅनिक बघताक्षणी म्हणाला, "काकाजी, हात लावू नका. साबणानं बोटं धुऊन घ्या आधी. आतली दवाई गळून राहिली."

मग त्याने समजावलं. हा आपोआप काळवंडणारा आरसा. दोन काचांच्या मधे रसायनाचा पातळ थर, कडेने डिंकासारखं सील. मागच्या गाडीचा झोत पडला की सेन्सरला कळतं, थरातून थोडीशी वीज जाते आणि काच गडद होते. वीज थांबली की पुन्हा स्वच्छ. असे आरसे अमेरिकेत १९८० च्या दशकात विकायला आले. वर्षं सरतात, सील थकतं. आणि आमच्या नागपुरात मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, बंद गाडीत काय होतं ते मी सांगायला नको.

इथवर माझी तक्रार नाही. म्हातारी वस्तू गळणारच. आम्ही तरी कुठे कोरडे राहिलोत! माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, काच वेगळी येत नाही. अख्खी असेंब्ली बदलावी लागेल." सेन्सर चांगला, वायर चांगली, दांडी चांगली. बिघडली फक्त काच. तरी सगळं फेका! आकडा ऐकला आणि माझं पेन्शन डोळ्यांपुढे आलं. वर फुकटचा सल्ला : "एवढी जुनी गाडी ठेवता कशाला?"

का ठेवू नये? इंजिन ठणठणीत आहे. वर्गातल्या एका पोराला गणित येत नाही म्हणून अख्खा वर्ग नापास करायचा का?

हे काही माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. चांगलंच झालं. पण पोर्टलवर टिचकी मारून काच हातात येत नाही. भाग विकायला भाग पाडणारा कायदा हवा.

कोणी म्हणेल, गुरुजींना नव्याचं वावडं. मुळीच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वर्धा रोडवर मागून अप्पर मारत येणारा ट्रक म्हणजे काय, हे मला विचारा. तिथे हा आरसा देवासारखा वाटायचा. पण सील गाडीआधी म्हातारं होणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. मग काच वेगळी विका. पुस्तिकेत एक ओळ छापा, की गळू लागला तर हातमोजे घाला, लगेच पुसा, आरसा काढून ठेवा. लपवाछपवी कशाला?

शेवटी मी काय केलं? साधा आरसा बसवला, खाली चिमटीएवढा खटका असलेला. त्याची काच पाचरीसारखी, एका कडेला जाड. दिवसा मागचा मुलामा सगळा उजेड परत फेकतो. रात्री खटका ओढला की आरसा तिरका होतो, मुलाम्याचा झोत छताकडे जातो आणि काचेच्या नुसत्या पृष्ठभागावरून येणारा मंद उजेड तेवढा डोळ्यांत येतो. ना सेन्सर, ना वीज, ना गळती.

जुना आरसा मेकॅनिकने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय. म्हणतो, "काकाजी, कधी नुसती काच मिळाली तर बसवून देईन."

त्याच्या हातात ते कसब आहे. त्याला काच विकायला कोणी तयार नाही, एवढंच. असो.