पोसणाऱ्याचा हिशेब

23 जून 2023 रोजी येवगेनी प्रिगोझिन यांच्या वॅग्नर या भाडोत्री फौजेने रशियाच्या सत्तेविरुद्ध बंड पुकारले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोस्तोव शहरातले लष्करी मुख्यालय तिच्या ताब्यात होते आणि एक तुकडी मॉस्कोच्या रस्त्याला लागली होती. वाटेत रशियन हवाई दलाची विमाने पाडली गेली, वैमानिक मेले. पुतिन यांनी सकाळच्या भाषणात या बंडाला देशद्रोह म्हटले आणि शिक्षेची ग्वाही दिली. संध्याकाळ होईतो बेलारूसच्या अध्यक्षांच्या मध्यस्थीने तडजोड झाली आणि बंडखोर माघारी फिरले. तीन दिवसांत गुन्ह्याची चौकशीही बंद करण्यात आली. 27 जूनला पुतिन यांनी स्वतःच सांगितले की, या फौजेचा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होत होता. मे 2022 ते मे 2023 या एका वर्षात त्यासाठी 86 अब्ज रूबल गेले. 23 ऑगस्टला प्रिगोझिन यांचे विमान कोसळले आणि विमानातले दहाही जण ठार झाले. फौजेचे बहुतेक अवशेष सरकारी दलांनी आपल्यात मुरवून घेतले. खटला उभा राहिला नाही, साक्ष झाली नाही. एवढा पैसा कायद्याबाहेरच्या फौजेला कोणी आणि कशासाठी दिला, हा प्रश्न कोणत्याही न्यायासनासमोर आला नाही.

बंड फसले की लोकांचे लक्ष बंडखोराच्या नशिबाकडे जाते. तो पकडला गेला का, पळाला का, मेला का, एवढ्यावर चर्चा संपते. माझे म्हणणे असे की, खासगी फौजेच्या बंडाचा शेवट या कसोटीवर तपासणे चूक आहे. अशी फौज आभाळातून पडत नाही. कोणत्या तरी सत्तेने तिला पैसा, शस्त्र आणि अभय दिलेले असते. फौज उलटल्यावर किंवा मोडल्यावर या पोसणाऱ्याचा हिशेब घेतला नाही, तर तो हिशेब मिटत नाही. ज्याच्याकडे बंदूकही नाही आणि वशिलाही नाही, अशा माणसाकडून तो वसूल होतो. हे समजून घ्यायला नांदेड-लातूरच्या वाचकाला मॉस्कोपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी हे निजामाच्या हैदराबाद राज्यात असताना, 1946 ते 1948 या काळात अनुभवले आहे.

रझाकारांचा नेता कासीम रझवी लातूरचा वकील. 1927 साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे नेतृत्व बहादूर यार जंग यांच्या निधनानंतर दोनेक वर्षांत त्याच्याकडे आले आणि तिच्या रझाकार या स्वयंसेवक दलाची त्याने सशस्त्र फौज केली. 1946 मध्येच बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढच्या दोन वर्षांत लूट, जाळपोळ आणि खून हे या भागाचे नित्याचे भोग झाले. या फौजेचा खर्च कसा चालत होता, याची नोंद पुढे पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. गावोगावी, शहरोशहरी महिन्याची रक्कम ठरवून वसूल केली जाई. रक्कम मुकाट्याने दिली तर बहुधा पुढचा त्रास टळे. विरोध झाला तर लूट, आणि प्रतिकार झाला तर खून. निजामाचे पोलिस आणि महसूल खाते जागेवर असताना समांतर वसुली उघडपणे चालू शकते, याचा अर्थ ती सरकारच्या मूकसंमतीने चालते. पगार थेट तिजोरीतून निघाला नाही, तरी रयतेला लुटण्याची मोकळीक हाच पगार ठरतो.

हीच फौज आपल्या धन्यावर कशी उलटली, हे 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे हैदराबादेत दिसले. भारत सरकारशी जैसे थे करार करावा, असे निजामाच्या कार्यकारी मंडळाने बहुमताने ठरवले होते आणि शिष्टमंडळ दिल्लीला निघण्याच्या तयारीत होते. त्या पहाटे हजारोंच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब, घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या निवासस्थानांना वेढा घातला. पोलिस बघत राहिले. अखेर लष्कराने या मंडळींना सुखरूप दुसरीकडे हलवले. सातव्या निजामाने वेढा घालणाऱ्यांवर कारवाई केली नाही. उलट त्याने शिष्टमंडळ बदलले. छतारी आणि मॉन्क्टन बाजूला झाले आणि मीर लायक अली पंतप्रधान झाले. 29 नोव्हेंबरला जो करार झाला, तो जवळपास आधीच्याच अटींवर झाला. म्हणजे महिन्याच्या विलंबाने निजामाच्या पदरात काही पडले नाही. मात्र आपण राज्यकर्त्याला वेठीस धरू शकतो आणि त्याची शिक्षा होत नाही, हे रझाकारांना कळून चुकले. 1948 साली मराठवाड्याच्या खेड्यांवर जे कोसळले, त्याची मोकळी वाट या पहाटेने करून दिली.

मग 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि थोड्याच दिवसांत रझवीला अटक झाली. 23 सप्टेंबरला निजामाने नभोवाणीवरून भाषण केले. रझवीच्या नेतृत्वाखालच्या एका लहान गटाने माझ्या पंतप्रधानाच्या घराला वेढा घातला, नवे मंत्रिमंडळ माझ्यावर लादले, हिटलरशाहीच्या पद्धतीने राज्य बळकावले आणि मला हतबल केले, असा त्या भाषणाचा आशय होता. मला हे भाषण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. वेढा पडला हे खरे आहे. पण त्याच रात्री लष्कर निजामाच्या आज्ञेत होते. तसे नसते तर छतारी आणि मॉन्क्टन सुटले नसते. हतबलतेचा हा दावा तपासण्यासारखा होता, तपासला गेला नाही. 26 जानेवारी 1950 रोजी निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत त्या पदावर राहिला. लायक अली मार्च 1950 मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. रझवीवर मात्र खटले चालले, दरोड्याच्या प्रकरणात शिक्षा झाली. तो 1957 मध्ये येरवड्यातून सुटून कराचीला गेला आणि 1970 मध्ये तिथेच मेला. एका माणसाला तुरुंग, एकाला पलायन, एकाला पद. फौज पोसणाऱ्या सत्तेचा हिशेब इथेच गुंडाळला गेला.

तो हिशेब कोणाकडून वसूल झाला, हे लातूरच्या बाजारपेठेला विचारावे लागते. सप्टेंबर 1948 नंतरच्या आठवड्यांत हैदराबाद राज्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या समितीत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. ही समिती नोव्हेंबरच्या अखेरीपासून 21 डिसेंबरपर्यंत राज्यात फिरली. तिने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत निदान 18 हजार आणि संपूर्ण राज्यात 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. श्रीमंत कच्छी व्यापाऱ्यांच्या या पेठेत वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्या. सुमारे 10 हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम 3 हजार आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते, उरलेले परागंदा झाले होते. रझवी लातूरचा होता, एवढाच त्यांतल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. रझवी स्वतः या काळात सरकारच्या कोठडीत सुरक्षित होता.

यावर पहिला आक्षेप असा की, रझाकार भाडोत्री नव्हते, ते धर्मवेडाने पेटलेले स्वयंसेवक होते आणि त्यांची तुलना वॅग्नरशी होऊ शकत नाही. प्रेरणेचा फरक मला मान्य आहे. पैशासाठी लढणारा आणि वेडापायी लढणारा यांची मने वेगळी असतात. पण राज्यसंस्थेच्या दृष्टीने प्रश्न मनाचा नाही, जबाबदारीचा आहे. जी फौज कोणत्याही कायद्याला बांधील नाही, जिची वसुली लेखापालाच्या वहीत येत नाही आणि जिच्या गुन्ह्याची फिर्याद कोणता ठाणेदार घेत नाही, ती पगारी असो वा बिनपगारी, एकाच जातीची. निजामाच्या राज्याला हा रोग जुनाच होता. एकोणिसाव्या शतकात अरब आणि रोहिल्यांच्या भाडोत्री टोळ्या तिथे इतक्या प्रबळ झाल्या की, अरब जमादार सरकारलाच कर्ज देत आणि फेडीसाठी तालुके गहाण ठेवून घेत. त्यांना शह देण्यासाठी दिवाण चंदूलालने पंजाबातून शीख फौज मागवली. तिच्या वास्तव्याच्या खुणा नांदेडने आजही जपल्या आहेत. एका फौजेवर दुसरी फौज हा उतारा चालला नाही. चालला तो पहिल्या सालारजंगाचा उपाय. 1853 नंतर त्याने गहाण तालुके सोडवले, 1865 मध्ये जिल्हाबंदी (जिल्ह्यांची रचना) केली, पगारी अधिकारी नेमले आणि पोलिस सरकारच्या हाताखाली आणले. वसुलीचा आणि बंदुकीचा अधिकार सरकारकडे परत घेतला की टोळ्यांचे बळ सरते, हे याच राज्याने एकदा सिद्ध केले होते. सातव्या निजामाने तो धडा उलटा फिरवला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निजामाला राजप्रमुख केले नसते तर रक्तपात वाढला असता, संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेले प्रकरण चिघळले असते, राज्यभर पसरलेले त्याचे अनुयायी बिथरले असते. सरदार पटेलांनी व्यवहार पाहिला आणि तो योग्यच होता. निजामाने स्वतःच संयुक्त राष्ट्रांतली तक्रार मागे घेतली, हे लक्षात घेता या युक्तिवादात तथ्य आहे. गादीवर माणूस ठेवणे ही राजकीय तडजोड होती आणि त्या घडीला तिचे समर्थन करता येते. पण त्या तडजोडीसाठी खेड्यांतल्या हत्यांबद्दल गप्प बसणे आवश्यक नव्हते. सुंदरलाल समितीचा अहवाल दडवला गेला. सर्वसामान्य अभ्यासकाला तो 2013 च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला. दरम्यान साठ-पासष्ट वर्षे गेली. ज्यांचे बाप मारले गेले ती मुले म्हातारी होऊन गेली. राजाला अभय देणे ही गरज असेलही. प्रजेचे दुःख कुलूपबंद करणे ही गरज कधीच नव्हती.

तिसरा आक्षेप आपल्या भागात सर्वांत जास्त ऐकू येतो: या गोष्टी काढल्या की हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे तेज कमी होते आणि रझाकारांच्या अत्याचारांवर पांघरूण पडते. मला याच्या नेमके उलटे वाटते. या संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा लढा निजामाच्या एकतंत्री सत्तेविरुद्ध होता, शेजारच्या विणकराविरुद्ध नव्हता. रझाकारांच्या बळींत शोएबुल्ला खान हा मुसलमान संपादकही होता. भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये त्याला ठार मारण्यात आले. सुंदरलाल अहवालाने रझाकारांचे गुन्हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. काही ठिकाणी सैनिकांनी आणि पोलिसांनी हत्यांत भाग घेतल्याचेही त्याने लिहिले, आणि लष्कराची एकंदर शिस्त व अनेक अधिकाऱ्यांचे वर्तन चांगले होते, हेही लिहिले. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आसरा देणाऱ्या हिंदूंची, विशेषतः मुसलमान विणकरांसाठी प्राण गमावलेल्या हिंदू विणकरांची नोंदही त्यातच आहे. अहवाल दडवला तेव्हा हे विणकरही दडपले गेले. मुक्तिसंग्रामाच्या मूल्यांना सप्टेंबरनंतरही जागलेली ही माणसे आपल्या गौरवगाथेत यायला हवी होती.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न संपला, असेही म्हणता येत नाही. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. सलवा जुडूम नावाच्या त्या प्रयोगावर 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विशेष पोलिस अधिकारी म्हणून अशा तरुणांना शस्त्र देऊन लढवणे घटनाबाह्य आहे, असे त्यात ठरले. निकालानंतर थोड्याच काळात राज्याने नवा कायदा करून त्या मनुष्यबळाला सहायक पोलिस दलात सामावून घेतले. बस्तरमध्ये आणि रशियात परिस्थिती फार वेगळी आहे, पण एका बाबतीत साम्य आहे. गणवेश बदलला की जुना हिशेब मिटला, असे सरकारला वाटते. न्यायालयाने विचारलेला प्रश्न मात्र शस्त्र देणाऱ्या सरकारलाच होता, आणि म्हणूनच तो निकाल मला मोलाचा वाटतो.

दरवर्षी 17 सप्टेंबरला नांदेड-लातुरात झेंडावंदन होते, हुतात्म्यांना अभिवादन होते. ते व्हायलाच हवे. त्याच्या जोडीला सरकारने दोन कामे करावीत. सुंदरलाल अहवाल मराठीत अधिकृतपणे प्रसिद्ध करावा. आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे 1946 ते 1948 मधल्या सर्व बळींची, रझाकारांच्या आणि नंतरच्या सूडाच्याही, गावनिहाय नोंद करण्याचे काम सोपवावे. त्या नोंदीत प्रत्येक घटनेपुढे एक रकाना असावा: ज्यांनी मारले त्यांच्यामागे कोणती सत्ता उभी होती, आणि ज्या सत्तेने वाचवायला हवे होते ती कुठे होती? रशियाच्या नागरिकांना हा प्रश्न आज मोठ्याने विचारता येत नाही. आपल्याला येतो, आणि विचारण्याची मोकळीक असताना जो समाज गप्प राहतो, त्याला पुढच्या वेळी खासगी फौज पोसणाऱ्या सत्तेला रोखण्याचे बळ मिळणार नाही.